दहा मिनिटांत दही? आधी भांडं बघा

वाचकांचे प्रश्न, स्वयंपाकघरातली उत्तरं

यावेळी आलेल्या पत्रांत आणि मेसेजमधे निम्म्याहून जास्त प्रश्न रील्सवरच्या रेसिप्यांचे आहेत, कुणाचं दूध नासलं, कुणाचं तेल वाया गेलं, कुणाला नुसती शंका आहे. म्हणून हे पूर्ण पान त्यालाच देतेय, बाकीचे प्रश्न (रवा-बेसनातल्या अळ्यांचा पण) पुढच्या अंकात नक्की घेऊ.

प्रश्न: ताई, मी सांगलीहून लिहितेय. फेसबुकवर एक व्हिडिओ फिरतोय, "फक्त १० मिनिटात हलवायासारखं घट्ट कवडी दही, दुधात टाका ही १ वस्तू". घरी पाहुणे येणार होते आणि आदल्या रात्री विरजण लावायचं राहून गेलं म्हणून करून बघितलं. एक लिटर म्हशीचं दूध होतं, सगळं फुटून चोथा-पाणी झालं. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण मलाच फार लागलं. व्हिडिओतल्या बाईंचं एवढं सुंदर लागलं मग माझं काय चुकलं?

उत्तर: तुमचं काहीच चुकलं नाही, हे आधी सांगते. तुम्ही पाठवलेली लिंक उघडून मी तो व्हिडिओ पाच-सहा वेळा बघितला, त्यातल्या दोन वेळा आवाज बंद करून. हे तुम्हीपण करून बघा, कारण म्युझिक चालू असलं की शॉट कुठे तुटला ते लक्षातच येत नाही आणि आवाज गेला की तुटलेली जागा लगेच दिसते. सुरुवातीला स्टीलचं पातेलं आहे, त्याचा काठ एका बाजूला जरा चेपलाय, ओट्यावर खिडकीतलं ऊन पडलंय. गरम दुधात लिंबू पिळलं, झाकण ठेवलं, स्क्रीनवर "१० मिनिटानंतर" अशी पाटी आली. पाटी गेल्यावर समोर आहे तो काचेचा बाऊल! ऊन गायब, उजेड ट्यूबलाईटचा, आणि बाऊलमधल्या दह्यावर अखंड साय.

आता विचार करा, लागलेलं दही एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतलं तर साय अखंड राहील का? कधीच नाही, ते मोडणारच, कडेने पाणी सुटणारच. म्हणजे ते दही त्या बाऊलमधेच लागलेलं आहे, नेहमीसारखं विरजण लावून, रात्रभर किंवा दिवसभर ठेवून. पातेल्यातल्या दुधाचं पुढे काय झालं ते आपल्याला दाखवलेलंच नाही. ते तुमच्याकडे जे झालं तेच झालं असणार.

कारण गरम दुधात लिंबू पिळलं की होतं ते पनीर. दही ही वेगळी गोष्ट आहे, विरजणातले जिवाणू दुधातली साखर खातात, त्यातून हळूहळू आंबटपणा तयार होतो आणि तो हळूहळू वाढतो म्हणूनच दूध न फुटता सगळंच्या सगळं एकसंध थिजतं. त्यांना ४० ते ४५ अंशाची ऊब लागते, आपल्या आया-आज्या करंगळी बुडवून दहा आकडे मोजायच्या, बोट सुखाने टेकलं पाहिजे पण ऊब जाणवली पाहिजे, तीच ही ऊब. उन्हाळ्यात ५-६ तास, थंडीत ८-१० किंवा जास्तच. त्याहून खूप गरम दुधात विरजण घातलं तर ते जिवाणू मरतात आणि दूध तसंच राहतं. हा वेळ कुठल्याही "१ वस्तूने" कमी होऊन १० मिनिटांवर येत नाही.

अजून एक प्रकार फिरतोय तोपण सांगून ठेवते, दोन वाट्या दुधात एक वाटी तयार दही घालतात आणि वाफेवर ठेवतात. ते घट्ट होतं हे खरं, पण ते उष्णतेने थिजलेलं असतं, बंगाली लोकांच्या भापा दोईच्या जातीचं, आणि एक वाटी दही घरात असेल तर मग कोशिंबिरीला तेच वापरावं ना!

वेळ, आच आणि माप, स्वयंपाक या तिघांवर उभा असतो. खोटी रेसिपी यातलं काहीतरी एक लपवते, बहुतेक वेळा वेळच लपवते, आणि जिथे लपवते तिथेच शॉट तुटतो. म्हणून पदार्थ नका बघू, भांडं बघा. तेच आहे का, किती भरलं होतं, आता किती भरलंय, कडेला डाग पडलेत का, मागचा उजेड बदलला का. हे एकदा नजरेला लागलं की दहातले आठ व्हिडिओ तुम्ही स्वतःच पकडाल.

तुमचा तो चोथा फेकला नसेल अशी आशा आहे, फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवला की पनीर होतं आणि खालच्या पाण्यात कणीक भिजवली तर पोळ्या फार मऊ होतात. आणि पुन्हा पाहुणे तोंडावर असताना दही नसेल तर सरळ डेअरीतून आणा, त्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न: हाय ताई, मी हिंजवडीत फ्लॅटवर राहतो, तिघं मित्र मिळून स्वयंपाक करतो. एक रील आहे, कुकरमधे अर्ध्यापर्यंत तेल, त्यात पीठ लावलेलं चिकन, झाकण लावून २ शिट्ट्या, बाहेरच्यासारखं क्रिस्पी चिकन तयार. लाखो लाईक्स आहेत. या रविवारी करायचं ठरलंय, काही टिप्स?

उत्तर: टिप एकच, करू नकोस. रविवारच्या आत हा अंक तुझ्या हातात पडणार नाही म्हणून संपादकांना सांगून तुला उत्तर आधीच मेसेज केलंय, पण इतरांसाठी इथे सविस्तर लिहितेय.

घरचा कुकर पाण्याच्या वाफेसाठी बनवलेला असतो. पाणी आपल्याकडे शंभराच्या आसपास उकळतं (पुण्यात ९८ला, महाबळेश्वरला ९५-९६लाच, म्हणून तिथे कुकरशिवाय डाळ शिजता शिजत नाही), कुकरमधे दाब वाढल्यावर ते साधारण १२० अंशापर्यंत जातं आणि रिंग, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह सगळं तेवढ्याच हिशोबाने केलेलं असतं. तळणीचं तेल असतं १७० ते १८० अंशावर. त्यात चिकनमधून सुटलेलं पाणी, त्याची वाफ, वर बंद झाकण. रिंग नरम पडली किंवा शिट्टीतून तेल उडालं किंवा घाईत झाकण उघडलं तर उकळतं तेल थेट अंगावर. हॉटेलवाले प्रेशर फ्रायर वापरतात हे खरं आहे, पण ते वेगळं मशीन असतं, तेलासाठीच बनवलेलं, त्याची लॉक वेगळी असतात, त्याचा आणि आपल्या पाच लिटरच्या कुकरचा काही संबंध नाही.

रील परत एकदा बघ. झाकण लावताना दिसतंय, शिट्टी ऐकू येतेय, आणि पुढच्या शॉटमधे चिकन टिश्यू पेपरवर. झाकण उघडतानाचा शॉट आहे का? नाहीये. सगळ्यात धोक्याचा क्षण तोच आणि तोच नेमका कापलाय.

लाखो लाईक्सचं म्हणशील तर लाईक करणाऱ्यातल्या किती जणांनी कुकरमधे तेल ओतलंय? लोक बोटाने लाईक करतात आणि पुढे सरकतात, ती करून बघितल्याची पावती नसते. २०१९ साली चीनमधे दोन मुली रिकाम्या कॅनमधे पॉपकॉर्न करायला गेल्या, खाली अल्कोहोल पेटवून, असे व्हिडिओ तेव्हा तिकडे खूप चालत होते. स्फोट झाला आणि त्यातली १४ वर्षांची मुलगी गेली. ज्या इन्फ्लुएन्सरचं बघून केलं असं घरच्यांचं म्हणणं होतं तिने आपला व्हिडिओ वेगळा होता असं सांगितलं, पण पोर तर गेलीच ना. हे वाचल्यापासून मी अशा व्हिडिओंकडे करमणूक म्हणून बघूच शकत नाही.

तुम्हाला क्रिस्पी चिकन खायचंय ना, मग जाड बुडाची कढई घ्या, चिकन ताकात आणि मिठात दोन-तीन तास मुरवा, मैद्यात कॉर्नफ्लोअर मिसळून दोनदा घोळवा, मध्यम आचेवर एकावेळी तीन-चारच तुकडे तळा. कढई अर्ध्याहून जास्त भरू नका. वेळ लागेल पण तिघं आहात, गप्पा मारत होईल.

प्रश्न: रेसिपी न देता "कमेंटमधे YES लिहा, मी पाठवते" असं का करतात? मी चार वेळा लिहिलं, एकदाच लिंक आली आणि तीपण उघडेना. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: कारण कमेंट आली की पोस्ट अजून लोकांना दाखवली जाते. तुमचा YES हा तिथला माल आहे, रेसिपी नाही. २०१७च्या डिसेंबरमधे फेसबुकने स्वतःच जाहीर केलं होतं की लाईक करा, शेअर करा, टॅग करा असं मागणाऱ्या पोस्ट आम्ही मागे टाकणार, तरी आजही त्याच चालू आहेत. सगळेच फसवे असतात असं मी म्हणत नाही, काहीजणी खरंच मनापासून पाठवतात. पण ज्याला रेसिपी द्यायचीय त्याला ती खाली कॅप्शनमधे लिहायला दोन मिनिटं लागतात. आणि आलेली लिंक फोन नंबर मागायला लागली, ओटीपी मागायला लागली किंवा एखादी फाईल डाऊनलोड करा म्हणाली तर तिथल्या तिथे बंद करा, साबुदाणा वड्याला ओटीपी लागत नाही.

फोटोचंपण याच उत्तरात सांगते. हल्ली कॉम्प्युटरने बनवलेले फोटो रेसिपीवर लावतात. साहित्याची यादी आणि फोटो समोरासमोर ठेवा. फोटोत काजू, केशर, कोथिंबीर आणि यादीत यातलं काहीच नाही, म्हणजे तो फोटो त्या पदार्थाचा नाही. परवा एका "थालीपीठ" लिहिलेल्या फोटोत थालीपिठाला भोकंच नव्हती आणि वर सगळीकडे एकसारखे, एकाच मापाचे तीळ. ज्याने आयुष्यात एकदा थालीपीठ थापलंय तो असा फोटो लावणार नाही.

प्रश्न: नमस्कार ताई, मी न्यू जर्सीत राहते. इकडे उकडीच्या मोदकांसाठी हवी तशी तांदळाची पिठी मिळत नाही, प्रत्येक पाकिटाची वेगळी. इन्स्टावर "शिळ्या भाताचे उकडीचे मोदक, उकड काढायची कटकट नाही" असं रील बघितलं. हेपण क्लिकबेटच ना, नुसतं क्लिक करायला लावणारं आमिष? आई फोनवर हसली मला.

उत्तर: नाही, हे खरं आहे! आणि मला हा प्रश्न आला याचा फार आनंद झाला, कारण व्हायरल झालं म्हणजे खोटंच असं एकदा मनात बसलं की चांगल्या गोष्टीपण हातातून जातात.

उकड काढताना आपण काय करतो, उकळत्या पाण्यात पिठी घालून वाफ देतो, त्याने तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो, त्या चिकटपणावरच पारी वळता येते. भातात हे काम आधीच झालेलं असतं. भात मिक्सरला अगदी गुळगुळीत वाटायचा, त्यात लागेल तशी पिठी घालायची, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप, पाच मिनिटं मंद आचेवर परतून गोळा करायचा आणि गरम असतानाच मळायचा. फ्रिजमधला भात दाणेदार कडक होतो, तो आधी वाफवून मऊ करून घ्या नाहीतर पारीला चिरा जातील. बासमती नको, तिकडे जो बुटका चिकट तांदूळ मिळतो तो घ्या, आपल्या आंबेमोहोराची चव येणार नाही पण वळायला सोपा जातो. एकच गोष्ट मात्र पक्की पाळा, शिळा म्हणजे रात्रीचा, लगेच फ्रिजमधे ठेवलेला. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात नको, त्यात काही जिवाणू असं विष तयार करतात जे परत गरम करूनही जात नाही.

आणि ते रील खरं वाटायला कारणं होती. त्या बाईंनी पहिला मोदक फाटलेला दाखवलाय, कळ्या नीट आल्या नाहीत म्हणून हाताला पाणी लावून परत केलंय, पूर्ण वेळ एकच परात आहे, तिच्या कडेला वाळलेलं पीठ वाढत जाताना दिसतं. शेवटी त्या सांगतात की हे गरमच खा, गार झाले की उकडीपेक्षा लवकर वातड होतात. आपल्याच रेसिपीतली कमी बाजू जी बाई सांगते तिच्यावर मी विश्वास ठेवते. आईंना म्हणावं यंदा चतुर्थीला तुम्हीपण चार करून बघा.

प्रश्न: मी नाशिकचा, वय ७१. आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर आलंय, सोललेला लसूण बरणीत घालून वर तेल ओता, बाहेरच ठेवा, वर्षभर टिकतो, रोज सकाळी एक पाकळी खा, हृदयविकार जवळ येणार नाही. लोणचं टिकतं तसा लसूण टिकायला काय हरकत आहे? सौ.ने बरणी भरलीये.

उत्तर: काका, ती बरणी आजच काढून टाका, आणि आधी चव घेऊन बघूया असं करू नका.

तुमची लोणच्याची शंका अगदी रास्त आहे आणि बऱ्याच जणांना तीच वाटते. पण लोणचं तेलामुळे टिकत नाही, ते मिठामुळे आणि आंबटपणामुळे टिकतं, तेल फक्त वरून हवा बंद करतं. नुसत्या लसणात ना तेवढं मीठ ना आंबट. मातीतून आलेले काही जिवाणू लसणावर असू शकतात, त्यातला बोट्युलिझमचा जिवाणू असा आहे की त्याला हवा नसलेली जागाच मानवते, म्हणजे तेलाखाली त्याला आपण घर करून देतो. तो जे विष करतो ते नसांवर जातं, माणसाचा श्वास थांबू शकतो, आणि वास, रंग, चव कशातच फरक पडत नाही. म्हणून म्हटलं चव घेऊ नका. लसूण तेलात हवाच असेल तर थोडा करा, फ्रिजमधे ठेवा आणि तीन-चार दिवसात संपवा. वर्षभर टिकवायचा तर आपली पद्धत आहेच की, गड्ड्या पातीसकट वेणी घालून हवेशीर टांगायच्या.

हृदयाचं औषध डॉक्टरांनी दिलेलं चालूच ठेवा, ते पाकळीवर सोडू नका.

तुमच्या ग्रुपवर दुधीच्या रसाचेपण मेसेज येत असतील म्हणून तेवढं सांगते. दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्यावर आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं, रस काढायच्या आधी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर तो दुधी टाकून द्या, साखर-मीठ घालून पिऊ नका. फॉरवर्डमधे "कडू असला तरी औषध समजून प्या" असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. इथे क्लिकबेट नुसता वेळ खात नाही, जिवावर येतं. ग्रुपवर तुम्ही हे लिहा, तुमच्या वयाच्या माणसाने सांगितलं तर बाकीचे ऐकतील, माझं ऐकणार नाहीत.

प्रश्न: ताई मी कुडाळजवळ राहते, दोन वर्षं झाली मोबाईलवर मालवणी रेसिप्यांचे व्हिडिओ करतेय. सगळं घरचं, खरं. आंबोळीचा व्हिडिओ टाकला, पीठ भिजवण्यापासून, ३०० जणांनी बघितला. ओळखीतल्या एकीने "ही १ चूक केली तर आंबोळी कधीच जाळीदार होणार नाही" असं लिहून टाकला, आत काहीच नाही, पिठात सरळ इनो घातलाय, आणि दोन लाख व्ह्यूज! घरचे म्हणतात तूपण तसंच लिही. मला रडायला येतं कधीकधी. काय करू?

उत्तर: तुमचा व्हिडिओ मी पूर्ण बघितला. पीठ फुगून वर आलेलं पातेलं तुम्ही झाकण काढून दाखवता, त्यात वरचे बुडबुडे फुटताना ऐकू येतात, तो सबंध व्हिडिओतला सगळ्यात सुंदर क्षण आहे आणि तो कुठे आहे तर नवव्या मिनिटाला. तिथपर्यंत लोक पोचतच नाहीयेत. तो उचलून अगदी पहिल्या पाच सेकंदात ठेवा. तसं करणं म्हणजे फसवणं नाही, कारण ते पातेलं तुमचंच आहे आणि पुढे ते तुम्ही दाखवणारच आहात.

लक्ष वेधून घेणं वेगळं आणि खोटा शब्द देणं वेगळं. बाजारात भाजीवालीपण हाक मारतेच की, पण हाक वांग्याची मारून पिशवीत भोपळा घालत नाही. तुम्ही नाव असं द्या, "रात्री भिजवा, सकाळी जाळीदार आंबोळी, आणि थंडीत पीठ आलं नाही तर काय करायचं". यात वेळ सांगितली, फळ सांगितलं आणि लोकांना जी खरी अडचण येते तीपण सांगितली. थंडीत पीठ न येण्याची अडचण घराघरात आहे, त्यावर तुम्ही मधे सहज बोलून जाता की पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवा आणि मेथी जराशी वाढवा, त्याचा वेगळा एक मिनिटाचा व्हिडिओ करा. इनोवरपण राग धरू नका, इनोने जाळी पडते हे खरंच आहे, तो खायचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड यांचा खेळ आहे, घातल्या घातल्या फेस येतो आणि लगेच तव्यावर घालावं लागतं. फक्त त्यात आंबलेल्या पिठाची चव येत नाही. दोन तव्यांवर दोन आंबोळ्या शेजारी शेजारी घालून दाखवा, एक इनोची एक आंबवलेली, मोडून आतून दाखवा, कुणाचं नाव घ्यायची गरजच नाही.

दोन लाख होतील का, याचा शब्द मी देऊ शकत नाही. पण तुमच्या खाली आलेल्या कमेंट मी वाचल्यात. एकीने लिहिलंय, "काकू तुमच्यासारखीच झाली, आजीची आठवण आली, मेथी किती घेतली ते परत सांगा." त्या इनोवालीच्या व्हिडिओखाली पहिल्या पन्नास कमेंटमधे करून बघितलं असं म्हणणारं मला एकही माणूस सापडलं नाही. त्या मेथीवालीला उत्तर द्यायचं राहिलंय तुमचं, चार वाट्या तांदळाला किती ते चमच्याच्या मापात लिहून टाका, आणि बिडाचा तवा नवीन असेल तर आधी कांदा चोळायचा असतो तेपण सांगा, ते तुम्ही व्हिडिओत करता पण बोलत नाही.